आधी शेजार, मग घर

‘अल-जार कब्ल अद-दार’ अशी एक जुनी अरबी म्हण आहे. घर पाहण्याआधी शेजारी पाहा, हा तिचा सरळ अर्थ. हदीसच्या काही ग्रंथांत ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावाने आलेली आहे, पण तिची सनद कमजोर असल्याचे मुहद्दिसांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आलेले शहाणपण म्हणून तिच्याकडे पाहावे, हे बरे. आपल्या कोकणी मुस्लिम घरांतही जागा घेण्याची गोष्ट निघाली की जुनी माणसे पहिल्यांदा ‘पडोसी कोण?’ असेच विचारीत. त्या विचारण्यात शेजाऱ्याचा स्वभाव, त्याचे खानदान, त्याचा व्यवहार एवढेच अभिप्रेत असे. आता मात्र त्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. शेजारी आपल्या घरात कोणता धंदा करतो?

महाड आणि पोलादपूर ही आमच्याकडची दोन्ही तालुक्याची गावे. दोन्ही मुंबई-गोवा महामार्गावरची, सावित्रीच्या खोऱ्यातली. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, किंवा पुढे ओटीवर दुकान आणि मागे माजघर, ही इथली जुनी रीत. धंदा आणि संसार एकाच छपराखाली नांदत आले. कापड, भुसार, शिवणकाम, विड्या, पापड-लोणची यांनी कुणाचे काही बिघडत नव्हते. पण काळ बदलला तशी त्याच ओटीवर आणि त्याच परसात वेगळी कामे सुरू झाली. कुठे वेल्डिंग, कुठे गाड्यांना रंगाचा फवारा, कुठे बॅटरी दुरुस्ती, कुठे भंगारात आलेली रसायनांची रिकामी पिंपे धुण्याचे काम. कुठे घरगुती सिलिंडरमधून लहान टाक्यांत गॅस भरून देणे, तर कुठे आंब्याच्या हंगामात कार्बाइडच्या पुड्या घालून आढी लावणे. हे सारे करणारी माणसे परकी नाहीत. ती आपल्याच मोहल्ल्यातली, बऱ्याचदा नात्यातली, आणि पोटासाठी राबणारी आहेत. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो.

घर घेणारा माणूस आज काय पाहतो? सातबारा पाहतो, बोजा आहे का ते पाहतो, नगरपालिकेचे पाणी किती वेळ येते ते विचारतो, मशीद आणि शाळा किती लांब ते पाहतो. २००५ च्या आणि विशेषतः २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडकर आणखी एक गोष्ट पाहायला शिकला. पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, ते तो पाहतो. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. त्यामुळे डोंगराकडेही लोक जपून पाहू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०२० रोजी, काजळपुऱ्यातली तारीक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळून १६ जण गेले. ती इमारत जुनी नव्हती. तेव्हापासून बांधकाम कुणी केले हेही विचारले जाऊ लागले. प्रत्येक संकटाने खरेदीदाराच्या यादीत एकेक प्रश्न वाढवला. शेजारच्या घरातल्या धोक्याचा प्रश्न मात्र त्या यादीत अजून नीट आलेला नाही. तो यायला एखाद्या दुर्घटनेची वाट पाहावी काय?

खरे तर हा प्रश्न नवा नाही. आपल्याच तालुक्यातल्या रायगडाशी ज्या राज्याचे नाव जोडलेले आहे, त्या राज्याच्या कारभाऱ्यांनी तो तीनशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडकोटांच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. त्यात दारूखान्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. दारूचे कोठार राहत्या घराजवळ असू नये. ते सदरेपासून अंतर राखून बांधावे. त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. दारू तळघरात माचावर ठेवावी. सर्द होऊ देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीशिवाय माणूस जवळ फिरकू देऊ नये. गडाला दारू हवीच होती. तिच्याशिवाय गड राखता येत नव्हता. तरीही हवी असलेली वस्तू घराजवळ नको, हा विवेक त्या काळी होता. अंतर, आडोसा, ठराविक मुदतीने तपासणी आणि जबाबदार माणूस ही चार सूत्रे त्यात दिसतात. आजचे स्फोटक पदार्थांविषयीचे नियम उघडून पाहिले, तरी त्यांचा गाभा याहून फार वेगळा नाही.

आता आपल्या दीनी परंपरेकडे वळू. शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अ.) यांनी हुजूर (स.) यांना इतके वेळोवेळी सांगितले, की शेजाऱ्याला वारसाहक्कसुद्धा मिळतो की काय असे त्यांना वाटावे, हा हदीसचा आशय आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. दुसऱ्याला नुकसान पोहोचवू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे तत्त्व तर फिकहच्या मोठ्या पायाभूत नियमांपैकी एक मानले जाते. अबू दाऊद यांच्या संग्रहात याच आशयाचा एक प्रसंग आहे. समुरा बिन जुंदुब (रजि.) यांचे खजुराचे झाड एका अन्सारी गृहस्थाच्या बागेत होते. त्यांच्या येण्याजाण्याने त्या कुटुंबाला त्रास होई. हुजूर (स.) यांनी समुरा यांना आधी झाड विकण्यास सुचवले, मग बदल्यात दुसरे घेण्यास, मग बक्षीस देण्यास. त्यांनी काहीच मान्य केले नाही, तेव्हा झाड उपटून टाकण्याची परवानगी त्या अन्सारींना देण्यात आली. झाड समुरांच्याच मालकीचे होते, यात वाद नव्हता. पण मालकी सिद्ध झाली म्हणजे त्रास देण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. त्याबरोबर हेही लक्षात घ्यावे की झाड उपटण्याआधी तोडग्याचे तीन मार्ग पुढे केले गेले होते.

पुढे शहरे वाढली आणि फकीहांपुढे रोजचे तंटे येऊ लागले. लोहाराचा घण, भटारखान्याचा धूर, चामडे कमावण्याचा वास, गिरणीचा हादरा. बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाराव्या शतकातल्या शैजरी यांच्या मार्गदर्शिकेत त्याला सांगितले आहे, की ज्यांना विस्तव लागतो त्या भटाऱ्यांची व लोहारांची दुकाने अत्तरवाल्यांपासून आणि कापडवाल्यांपासून दूर ठेवावीत. चौदाव्या शतकात ट्युनिस शहरात इब्न अल-रामी नावाचे एक गवंडी होते. इमारतींच्या तंट्यांत ते काझीला तज्ज्ञ म्हणून मदत करीत. बांधकामाच्या नियमांवर त्यांनी ग्रंथच लिहिला. शेजारच्या गिरणीने भिंत हादरते, अशी तक्रार आली तर काय करावे, याची त्यांनी सांगितलेली युक्ती मोठी मजेदार आहे. कागदाच्या चार कोपऱ्यांना दोरे बांधून तो टांगावा, त्यावर सुके धणे ठेवावेत आणि गिरणी चालवावी. धणे हलले तर तक्रार खरी. आज आपण हादरे मोजायला यंत्र मागवू; त्यांनी स्वयंपाकघरातले धणे वापरले. मुद्दा असा, की तक्रार करणारा किरकिरा आहे की धंदेवाला निष्काळजी आहे, याचा निकाल कुणाच्या वजनावर न सोडता वस्तूच्या परीक्षेवर सोडला.

मात्र सगळ्या मसलकांचे मत एकसारखे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. इमाम नववी यांचा ‘मिन्हाज-उत-तालिबीन’ हा शाफईंचा प्रमाणग्रंथ. त्यात अधिक सही मत असे दिले आहे, की चहूबाजूंनी घरे असली तरी मालक आपल्या घराचे हमामखान्यात किंवा तबेल्यात रूपांतर करू शकतो, कापड बाजारातल्या दुकानात लोहारकामही सुरू करू शकतो. पण त्याला शर्त आहे. त्याने खबरदारी घेतली पाहिजे आणि भिंती मजबूत केल्या पाहिजेत. म्हणजे आपल्या मसलकाने घरातल्या धंद्याला मोकळीक दिली, पण खबरदारीचा बोजा धंदा करणाऱ्याच्या खांद्यावर टाकला. हनफी परंपरेतही आरंभी मालकाच्या हक्कावर भर होता. पुढच्या हनफी फकीहांनी उघड व मोठे नुकसान होत असेल तर त्या हक्काला आवर घातला.

याच हनफी विचाराला एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने कायद्याच्या कलमांचे रूप दिले. अहमद जौदत पाशा यांच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ ही संहिता तयार झाली. हिंदुस्थानात ती कधी लागू नव्हती; पण आपल्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल. तिचे १२०० वे कलम सांगते, की फार मोठे नुकसान कोणत्याही उपायाने दूर केलेच पाहिजे. घराला लागून लोहारशाळा किंवा गिरणी काढली आणि घणांनी वा चक्रांनी इमारत खिळखिळी होऊ लागली, किंवा भट्टीच्या धुराने घरात राहणे अशक्य झाले, तर ते मोठे नुकसान होय. इथवर घरमालकाच्या बाजूचे झाले. पण १२०७ वे कलम पाहा. एखादा माणूस आपल्या मालकीच्या जागेत आधीपासून रीतसर धंदा करीत असेल आणि दुसऱ्याने नंतर येऊन त्याच्या शेजारी घर बांधले, तर त्याचा बंदोबस्त त्या दुसऱ्यानेच करायचा. लोहाराच्या दुकानाला लागून ज्याने घर बांधले, त्याला घणाच्या त्रासाची तक्रार करून दुकान बंद पाडता येणार नाही. थोडक्यात, आधी कोण आला यावर निकाल. आधी घर होते तर धंदेवाला जबाबदार. आधी धंदा होता तर घर घेणारा जबाबदार. ‘आधी शेजारी पाहा’ ही म्हण इथे कायद्याचे वजन घेऊन उभी राहते.

गंमत अशी, की जवळपास त्याच काळात इंग्लंडच्या न्यायालयांनी याच्या नेमके उलट उत्तर दिले. १८३८ चा ब्लिस विरुद्ध हॉल हा खटला मेणबत्त्या करणाऱ्या माणसाविरुद्धचा. चरबी वितळवण्याच्या दुर्गंधीची तक्रार शेजाऱ्याने केली. मेणबत्तीवाला म्हणाला, मी याच्या आधी तीन वर्षांपासून इथे आहे. न्यायालय म्हणाले, एवढ्याने भागत नाही. नंतर आलेला माणूसही स्वच्छ हवेचा हक्क घेऊनच येतो. १८७९ च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या खटल्यात तर घरगुती धंद्याचाच मामला होता. लंडनमधला एक मिठाईवाला आपल्या घराच्या मागच्या स्वयंपाकघरात मोठ्या खलबत्त्यांत साहित्य कुटत असे, तेही वीस वर्षांहून अधिक काळ. शेजारी एक डॉक्टर राहायला आले. पुढे त्यांनी बागेच्या टोकाला, त्या स्वयंपाकघराला भिडून, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि खलबत्त्याच्या आवाजाने तपासणी होत नाही म्हणून दावा लावला. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. इंग्रजी कायद्याची शिकवण आपल्या न्यायालयांनी उचलली ती ही.

स्वतंत्र भारतातले याचे मोठे उदाहरण रतलामचे. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या हद्दीत उघडी गटारे आणि कारखान्याचे सांडपाणी यांनी रहिवासी हैराण झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिकेच्या बचावातला एक मुद्दा असा होता, की या लोकांनी तिथली घाण डोळ्यांनी पाहून, स्वखुशीने तिथे घरे केली. आता तक्रार कसली? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नगरपालिकेला तिच्या कर्तव्यातून सुटू दिले नाही आणि पैसा नाही ही सबबही चालू दिली नाही. ते कलम १३३ आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ व्या क्रमांकावर आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. लोकांच्या आरोग्याला वा स्वास्थ्याला बाधक असा धंदा, किंवा आग व स्फोट होऊ शकेल असा साठा दिसला, तर प्रांताधिकारी सशर्त हुकूम काढून तो हटवण्यास सांगू शकतात. त्यासाठी दुर्घटना घडून जायची गरज नाही.

असे दोन पक्ष आपल्यापुढे उभे आहेत. एक म्हणतो, आधी आलेल्याचा मान राखा. दुसरा म्हणतो, धोका जुना झाला म्हणून हक्क होत नाही. मला वाटते, दोन्हींत इन्साफाचा अंश आहे आणि तो वेगवेगळ्या माणसांसाठी आहे. घर घेणाऱ्याने स्वतःसाठी मजल्लाचा नियम धरावा: आपण नंतर येत आहोत, तेव्हा पाहण्याची जबाबदारी आपली. धंदा करणाऱ्याने आणि सरकारी यंत्रणेने रतलामचा निकाल धरावा: हा तर डोळ्यांनी पाहून आला होता, असे म्हणून आपली सुटका नाही. होते मात्र उलटे. खरेदीदार म्हणतो, कायदा आहे की, बघून घेऊ. धंदेवाला म्हणतो, मी आधीपासून आहे, तुम्ही आलात कशाला? दोघेही दुसऱ्यासाठी असलेला नियम आपल्यासाठी वापरतात.

इथे इतिहासाचा आणखी एक इशारा आहे आणि तो महाडमध्ये विसरणे शक्यच नाही. धोक्याचे, घाणीचे काम वस्तीपासून दूर ठेवा, ही सूचना ऐकायला शहाणपणाची. पण आपल्या देशात कामाबरोबर ते काम करणारा माणूसही दूर ठेवला गेला. कातडे कमावण्याची जागा गावाबाहेर गेली, तिच्याबरोबर माणसे गावाबाहेर गेली, आणि मग त्यांना पाण्यालाही शिवू दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते या अन्यायाविरुद्ध. त्या दिवशी परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तेव्हा काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. पुढे डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन तिथे झाले. महाडच्या मुसलमानांसाठी शेजारधर्माचा हा मोठा वारसा आहे. म्हणून भंगारवाल्याला, वेल्डरला, पिंपे धुणाऱ्याला ‘मोहल्ल्यातून काढा’ असे म्हणताना आपण दहादा विचार करावा. धोक्याला अंतर द्यायचे आहे, माणसाला नाही.

धोका म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर भीती आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, उतारावरच्या खोलीत, गटारात, तळघरात साचतो आणि लांबच्या ठिणगीनेही पेटतो. सिलिंडर शेजारच्या घरात आणि ठिणगी आपल्या घरात, असे होऊ शकते. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो. वेल्डिंगला वापरतात तोच, झटकन पेटणारा. आंबे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, ती खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी. पण ज्या महाडमध्ये पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरते, तिथे तळमजल्यावरची कार्बाइडची पिशवी हा शेजाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे. रंगाचे थिनर, पेट्रोल यांच्या वाफा बंद खोलीत साठतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. बाटल्यांतून विकण्यासाठी घरात साठवणे ही सवलत नव्हे. बॅटरीच्या कामात आम्ल आणि शिसे येते, आणि शिशाचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांना होतो.

आपल्याकडे धोका म्हटला की नजर थेट बिरवाडीकडे, महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाते, आणि ते साहजिक आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या ब्लू जेट हेल्थकेअर कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगारांचा बळी गेला. तिथे आधी गावे होती, कारखाने नंतर आले, हेही खरे. तरीसुद्धा कारखान्याला फाटक असते, नावाची पाटी असते, निरीक्षक येतो, घातक रसायनांसाठी १९८९ चे नियम आहेत. घरगुती धंद्याला यातले काहीच नसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत १० आणि विजेविना २० कामगार असतील तरच तो कारखाना धरला जाई. पुढे महाराष्ट्रात हे आकडे २० आणि ४० करण्यात आले. दोन भाऊ आणि एक पोऱ्या मिळून जे काम करतात, ते या जाळ्यातून सहज निसटते. धंदा जितका लहान, तितके त्याच्यावर लक्ष कमी. आणि घर मात्र तितके जवळ.

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात एका शेडमध्ये आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथे बनत होत्या. जीव गेलेल्यांत बहुतेक गरीब कष्टकरी स्त्रिया होत्या. १८३८ च्या मेणबत्तीवाल्याचा तंटा दुर्गंधीचा होता. इथे शोभेच्या दारूने माणसे गेली. ‘मेणबत्तीचे काम’ या साध्या शब्दांमागे काय दडले असू शकते, ते यातून कळावे. शेजारी काय करतो, या प्रश्नाला ‘छोटेमोठे काम करतो’ हे उत्तर पुरेसे नसते. कच्चा माल कोणता, तो किती साठतो आणि कुठे ठेवतो, एवढे कळले पाहिजे.

मग विकणाऱ्याचे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. आपल्या फिकहमध्येही मालातला ऐब लपवला असेल तर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला भाग बाहेर काढून दाखवणारे हुजूर (स.) आपल्याला ठाऊक आहेत. पण कायद्यातले ‘साधी दक्षता’ हे शब्द विसरू नयेत. भिंतीपलीकडे चालणारे काम सहज पाहता आले असते, तर नंतर न्यायालयात उभे राहून ‘मला सांगितले नाही’ हे म्हणणे लंगडे पडते. शेजाऱ्याने जागा विकत घेऊन प्रश्न सोडवावा म्हणाल, तर त्याचा जुना रस्ताही आता बंद आहे. शेजारीपणाच्या नात्याने प्रथम खरेदीचा हक्क, म्हणजे शुफा, हनफींमध्ये होता. शाफईंमध्ये तो फक्त सहमालकाला आहे. आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाऊराम विरुद्ध बैजनाथ सिंह या खटल्यात केवळ शेजारीपणावर आधारलेला हा हक्क घटनाबाह्य ठरवला. म्हणजे पाहण्याची वेळ एकच, बयाणा देण्याआधीची.

आखातात, आफ्रिकेत किंवा जहाजावर राबून, वर्षानुवर्षे घरापासून लांब राहून आपली माणसे महाडात, पोलादपुरात घर घेतात. बहुधा सौदा फोनवर ठरतो, पाहायला भाऊ किंवा सासरे जातात. ते दुपारी जातात, खोल्या मोजतात, चहा घेऊन येतात. वेल्डिंग संध्याकाळी चालते, पिंपे पहाटे धुतली जातात, आढी मे महिन्यात लागते. घर निदान तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी पाहावे. वरच्या माळ्यावरच्या बायकांना विचारावे, कारण वास आणि आवाज पुरुषांआधी त्यांना ठाऊक असतो. शेजाऱ्यालाच सलाम करून विचारावे की भाईजान, काम कशाचे? विचारण्यात अपमान नाही. न विचारता घर घेऊन सहा महिन्यांनी अर्ज करण्यात मात्र दोघांचाही अपमान आहे.

धंदा करणाऱ्या भावांनी इमाम नववींची शर्त लक्षात ठेवावी: खबरदारी आणि भिंती. घरात धंदा करण्याचा हक्क ज्या मसलकाने दिला, त्यानेच ही शर्त घातली आहे. हक्क घ्यायचा आणि शर्त सोडायची, असे चालत नाही. माल कमीत कमी ठेवावा, साठा वस्तीबाहेर न्यावा, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवावे. आणि जमातीने? आपल्या जमातीकडे कब्रस्तानाची जागा, मदरशाची इमारत, भाड्याचे गाळे यांचा हिशेब असतो. मोहल्ल्यातल्या चार-सहा धोक्याच्या धंद्यांसाठी गावाबाहेर एक सामाईक पत्र्याची शेड उभी करणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याने रोजी जाणार नाही, माणूस मोहल्ल्यातून जाणार नाही, फक्त विस्तव घरापासून लांब जाईल. समुरांच्या झाडाच्या प्रसंगातही उपटण्याआधी तीन मार्ग सुचवले होते; तोडगा काढण्याची ती सुन्नत आहे. प्रांताधिकाऱ्यांकडचा अर्ज हा शेवटचा मार्ग, पण तोही वैधच मार्ग आहे. त्याला मोहल्ल्याशी बेइमानी समजू नये.

आम्ही शिक्षक मंडळी शाळेत हुकूक-उल-इबादचा धडा शिकवतो. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवू नये, हे मुले तोंडपाठ म्हणतात. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हेही त्याच धड्यात यायला हवे. आज्ञापत्र लिहिणाऱ्या अमात्यांना ते ठाऊक होते, ट्युनिसच्या गवंड्याला ते ठाऊक होते. महाड-पोलादपुरात यापुढे घर घेताना सातबाऱ्याच्या बरोबरीने शेजारच्या धंद्याची चौकशी होऊ लागली, तर त्या जुन्या म्हणीचा अर्थ आपल्याला कळला, असे म्हणता येईल.